दोन्ही काठांवरचा भोंगा

‘उद्या तुम्ही नका येऊ,’ नलिनी म्हणाली.

गुणवंता तेव्हा बशीतला चहा फुरकून राहिला होता. फुरका मधेच थांबला. एरवी या माणसाला थांबवायला पोलीस लागायचे, आज चार शब्दांत काम झालं. बशी ओठाशी तशीच धरून त्यानं वर बघितलं. नलिनी चुलीपाशी पाठमोरी बसून भाकर थापत होती. ती ओरडली नव्हती, रुसलीही नव्हती. दूध उतू गेलं म्हणावं तसं म्हणून मोकळी झाली होती. ‘काहून बा?’ त्यानं विचारलं, आणि सवयीनं डोळे फिरवून दाखवले, पण पाठीला काय दिसणार. ‘तुम्ही आले की लोक हसतात,’ ती म्हणाली, ‘तुम्ही काही करा, नका करू. नुसते येऊन बसले तरी हसतात.’ यावर गुणवंताला एकदम दोन-तीन जबाब सुचले. चौकात असता तर एकेक असा फेकला असता की पानठेल्यावरची मंडळी पोट धरून बसली असती. पण जबाब घशापर्यंत आले आणि चहासोबत खाली उतरले. भाकर तव्यावर पडली. फट्ट आवाज झाला. तो उठला, चप्पल घातली, आणि चपलेत खडा गेल्यासारखं त्याला वाटायला लागलं. चप्पल काढून झटकली. खडा नव्हता.

कळंबे साऊंड सर्व्हिसचा भोंगा भिवाजीच्या सायकल रिक्षावर बांधून तयार होता. लग्न असो, सिनेमा असो, गुरं हरवलेली असोत, पांढुर्ण्यात काहीही व्हायचं असलं की आधी गुणवंताच्या घशातून व्हायचं. आज कॉलेजचं काम होतं. उद्यापासून कॉलेजच्या मैदानात आठवडाभर धूम होती, कवी संमेलन, एकांकिका, शेवटल्या रात्री कव्वाली. आणि या सगळ्याच्या आधी, उद्या दुपारी तीनला, कॉलेजच्या हॉलमध्ये सौ. नलिनी कळंबे यांचं व्याख्यान. विषय, ‘दोन काठांच्या बाया’. ही वेळ मुकुंद सरांनी ठरवली होती. सर माणूस वाईट नव्हे. कार्यक्रमांचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर, त्यामुळे डोकं कायम तापलेलं. गुणवंता काल माईक-मशीनचं बोलायला गेला तेव्हा ते म्हणाले होते, ‘मोठे पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं येतात हो. तोवर मॅडमचं उरकून घेऊ. नाही तरी व्याख्यानाला कोण येते? मागच्या साली नागपूरचे वक्ते बोलून राहिले अन् समोर आमचा चपराशी झोपून राहिला. यंदा हॉल भरला नाही तर प्रिन्सिपॉल साहेब म्हणतात, पुढल्या वर्षी व्याख्यान बंद. आर्केस्ट्रा ठेवू.’ गुणवंता तेव्हा हसला होता. चपराशी झोपला म्हटल्यावर हसायचंच. ‘उरकून घेऊ’ हा शब्द त्यानं ऐकला होता, पण तो कानात गेला तो आत्ता, रिक्षात बसताना, भिवाजीनं पायडल मारलं तेव्हा.

‘हॅलो, हॅलो. तमाम पांढुर्णावासी बंधू आणि भगिनींनो,’ त्यानं सुरू केलं. आवाज तोच होता, तुपात तळलेला. बाजारचौकात संत्र्याचे ढीग लागले होते, थंडीच्या उन्हात साली चमकत होत्या, आणि लोकांनी त्याला बघून हसायला सुरुवातही केली होती. अजून काहीच बोलला नव्हता. एक जण ओरडला, ‘गुणवंता, हत्ती आणशील का उद्या?’ झालं, सगळा चौक फुटला. ते जुनं होतं. एका पोळ्याच्या बाजाराला त्यानंच भोंगा फिरवला होता की बरोबर चार वाजता बाजारचौकात हत्ती गायब करून दाखवण्यात येईल. मोहगावपासून माणसं बैलगाड्या जुंपून आली. चार वाजता हा ओट्यावर चढला, म्हणाला, ‘दिसून राहिला का कुठं हत्ती? मग! झाला ना गायब!’ लोकांनी आधी चपला काढल्या, मग त्याच चपलांवर बसून हसले. तेव्हापासून गुणवंता म्हणजे हत्ती. त्याला त्याचा केवढा अभिमान होता! गावात आमदाराला नमस्कार मिळायचा, मास्तरला मान मिळायचा, पण रस्त्यानं चालताना समोरच्याच्या तोंडावर आपोआप हसू फुटणं, हे एकट्या गुणवंताचं. आज मात्र तो त्या हसऱ्या तोंडांकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं, हे दात उद्या तीन वाजता हॉलमध्ये दिसले तर?

आणि मग सौंसर आठवलं. खरं तर ते कधी विसरलं नव्हतंच, त्यानं ते वेगळ्या खिशात ठेवलं होतं, मजेच्या खिशात. सौंसरला शिक्षकांचा मेळावा होता. नलिनी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, घरचं सगळं करून बाहेरून एम. ए. झालेली, आणि पहिल्यांदा चार लोकांपुढं काही वाचायला उभी राहणार होती. गुणवंता तिला सोडायला गेला आणि मागच्या रांगेत बसला. ती उभी राहिली. त्याला सर्दी होती, त्यानं नाक पुसलं. देवाशपथ, नुसतं नाक पुसलं. पण पांढुर्ण्याच्या दोन मास्तरांनी त्याला बघितलं होतं, त्यांना वाटलं आता हा काही तरी करणार, ते आधीच फिसकन हसले, त्यांचं बघून शेजारचे हसले, आणि लाट समोरच्या खुर्च्यांपर्यंत गेली. पुढचे तर गुणवंताला ओळखतही नव्हते, मागचे हसले म्हणून हसले. नलिनी एक ओळ दोनदा वाचून गेली. मग कागद घडी करून ‘धन्यवाद’ म्हणाली आणि बसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या बघत होती. गुणवंतानं ही गोष्ट महिनोन् महिने चौकात रंगवून सांगितली, ‘मी नुसतं नाक पुसलं बे, अन् अख्खी सभा आडवी!’ ऐकणारे लोळायचे. आज पहिल्यांदा त्याला त्या गोष्टीत खिडकी दिसली, खिडकीकडे वळलेली मान दिसली, मानेवरचा अंबाडा दिसला. इतक्या वेळा सांगताना अंबाडा कसा नाही दिसला? त्याच्या उजव्या भुवईवरची जुनी खोक खाजायला लागली. विचार आला की ती खाजायची. बहुतेक म्हणूनच तो विचार कमी करायचा.

ती खोक म्हणजे आहेर होता. गुणवंता पांढुर्ण्याचा, नलिनी नदीपलीकडची, सावरगावची. मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवायचं, त्याच्यावर झेंडा, आणि दोन्ही काठांवरून गोटमार. इकडून दगड, तिकडून दगड, झेंडा कोण नेतो ते बघायचं. बापजाद्यांपासून चालत आलेलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवाकोरा जावई पुढं घुसला, आणि समोरच्या काठावर त्याचा नवाकोरा साळा, नलिनीचा भाऊ चिंधू. दोघांची नजर भेटली असं गुणवंताला वाटतं. चिंधूचा गोटा आला तो सरळ भुवईवर. डोळा वाचला, ती जामसांवळीच्या मारुतीची कृपा. रक्त वाहत होतं तरी गुणवंतानं तो गोटा शोधून खिशात घातला, घरी आला आणि बायकोच्या हातात ठेवून म्हणाला, ‘घे, तुझ्या माहेरचा आहेर.’ तिनं गोटा घेतला, बाजूला ठेवला आणि हळद भरायला लागली. हसली नाही. पुढं गावाला त्यानं खोकेच्या पंचवीस गोष्टी सांगितल्या. सायकलवरून पडलो, बायकोनं लाटणं मारलं, वाघाशी कुस्ती झाली. चिंधूचं नाव कधी घेतलं नाही. साळा-भाटवे, दोघं मेहुणे, सणावाराला मांडीला मांडी लावून जेवायचे आणि त्या गोट्याबद्दल दोघंही बोलायचे नाहीत. गोट्याचं पुढं काय झालं, हे विचारायचं गुणवंताला सुचलंच नव्हतं.

दुपारी पुलाच्या तोंडाशी रिक्षा लावून दोघांनी डबा उघडला. भिवाजीनं लिंबाच्या लोणच्याची फोड चाखली आणि डोळे मिटले. ‘वहिनी काय घालते यात? आमच्या घरचं लोणचं असं मुरतच नाई.’ ‘माहेरची आठवण घालते,’ गुणवंता म्हणाला. विनोद बरा होता, पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही. तो पुलाखालच्या पाण्याकडे बघत होता. हिवाळ्यात जाम बारीक होते, दगड उघडे पडतात, निवांत उन्हात बसलेले असतात, जसे काही कोणाला कधी लागलेच नाहीत. ‘भिवाजी,’ तो म्हणाला, ‘सकाळपासून मी चार मोहल्ले फिरलो. उद्याच्या व्याख्यानाले किती लोक येतील?’ भिवाजीनं बोट चाटलं. ‘खरं सांगू का? कव्वालीले सारं गाव येईल. व्याख्यानाले वहिनी येईल, सर येईल. अन् चपराशी, तो तर झोपतेच.’ ‘अन् मी?’ ‘तुम्ही आले तं मग लोकबी येतील. हसाले.’ म्हणजे न गेलो तर हॉल रिकामा, गेलो तर सौंसर. दोन काठ, मधे नलिनी. कित्येक महिने ती शाळा सुटल्यावर बायाबायांच्या घरी जायची, पांढुर्ण्यातल्या, सावरगावातल्या. काय विचारते म्हटलं तर सांगायची नाही. रात्री पाय शेकत बसायची आणि तोंडावर कसलं तरी समाधान असायचं, पोटभर जेवल्यासारखं. ते समाधान रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहणार. तो पाण्याकडे बघत राहिला. पाण्याच्या अलीकडे एक माणूस म्हैस धूत होता, पलीकडे दुसरा एक म्हैस धूत होता, आणि अलीकडचा पलीकडच्याला ओरडून सांगत होता, ‘तुमच्या काठच्या म्हशीच्या अंगावर माशाबी बसत नाई बे, इतकी रोडकी!’ पलीकडचा लगेच, ‘अन् तुमची तं बैलासारखी दिसून राहिली, दूध देते का नांगर ओढते?’

गुणवंताच्या भुवईवर काही तरी सरसरलं. विचाराची खाज नव्हती ती. ही दुसरी होती, हत्तीच्या वेळची. तो इतका जोरात उठला की डबा पाण्यात जाता जाता राहिला. ‘भिवाजी, चाल! पूल ओलांड!’

सावरगावच्या चौकात त्यानं भोंग्याचं तोंड फिरवलं आणि गळ्यात दुःख आणलं. ‘सावरगावच्या मानकरी मंडळींनो, माफ करा, मी तुमचा जवाई, मले सांगाले शरम वाटून राहिली. उद्या दुपारी तीन वाजता तुमच्या गावची लेक, नलिनीबाई, कॉलेजच्या हॉलमध्ये बोलणार आहे. अन् पांढुर्णेकर काय म्हणून राहिले? म्हणून राहिले, लेक सावरगावची असली म्हणून काय झालं, सावरगावातून चार डोकीबी ऐकाले येणार नाई. ते फक्त गोटे फेकू जाणतात. असं म्हणून राहिले बा. मी काही बोललो नाई. मी जवाई माणूस.’ रिक्षा निघेपर्यंत एक म्हातारा काठी आपटत उठला होता. ‘कोण म्हणते? नाव सांग त्याचं!’ ‘नाव काय सांगू काका, सारंच गाव म्हणते!’ मग पूल पुन्हा ओलांडून पांढुर्णा. इथं गळ्यात राग. ‘पांढुर्णेकरांनो, झोपा! खुशाल झोपा! आपल्या गावची सून, नलिनी वहिनी, उद्या तीन वाजता बोलणार, अन् सावरगाववाले काय म्हणून राहिले माहीत आहे का? दोन वाजताच येऊन समोरच्या साऱ्या खुर्च्या धरणार. म्हणतात, सून तुमची असेल, पण मान आमचा. पांढुर्णेकर मागं उभे राहतील, दरवाज्यात. उभे राहा बा. मले काय, मले तं मशीनपाशी बसायचं आहे.’ पानठेल्यावर सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. ‘दोन वाजता येतात का ते? मग आपण एक वाजताच जाऊ,’ कोणी तरी म्हणालं. गुणवंतानं भोंगा बंद केला, रिक्षात मागं टेकला आणि पोटातल्या पोटात इतका हसला की भिवाजीला पायडल जड झालं.

रात्री दोघं जेवायला बसली. ‘येत नाई मी,’ तो म्हणाला, ‘मशीन बाहेर राहील. मी मशीनपाशी. हॉलमध्ये पाय ठेवणार नाई.’ तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिला भोंग्याचं कळलं होतं की नाही, तोंडावरून समजेना. या बाईच्या तोंडावरून त्याला कधीच काही समजलं नव्हतं, आणि अख्ख्या गावाची नाडी ओळखणारा माणूस आपण, असं तो समजत होता. सकाळी ओट्यावर लोणच्याची बरणी उघडी होती, वर नुसतं फडकं. ती मोरीत काही तरी घासून धुवत होती. त्यानं लक्ष दिलं नाही. वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून तो निघाला.

दुपारी मात्र त्याचं हसू पातळ व्हायला लागलं. एक वाजता पांढुर्णेकर आले, धोतर, पायजमे, पँटी, बायका डोक्यावर पदर घेऊन. डाव्या बाजूच्या खुर्च्या भरल्या. सव्वाला सावरगाव आलं, पुलावरून सरळ रांगेत, पुढं चिंधू, मिशीला तेल. उजवी बाजू भरली. मधे वाट राहिली, नदीएवढी. मुकुंद सर दारात उभे राहून घाम पुसत होते. ‘गुणवंताजी, हे काय झालं हो? खुर्च्या कमी पडून राहिल्या! मी शाळेतून बाकं मागवली!’ त्यांचा आवाज आनंदानं कापत होता, आणि गुणवंताचं लक्ष मात्र हॉलच्या बाजूला होतं. कॉलेजात नवी खोली बांधून राहिले होते आणि भिंतीला लागून गिट्टीचा हा मोठा ढीग पडला होता. आत दोन गावं, बाहेर गिट्टी. पांढुर्ण्याचं एक पोट्टं आतून ओरडलं, ‘ओ सावरगाव, खुर्चीवर बसता येते का, का झाडावर चढता?’ उजवीकडून जबाब आला, ‘तुमच्या सुनेले बोलाले आमच्या गावानं शिकवलं बे!’ हसणं झालं, पण हसण्याच्या तळाशी तो आवाज होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, नाकातून निघणारा. गुणवंतानं तो चांगला ओळखला. जन्मभर त्यानं लोकांना गोळा केलं होतं आणि शेवटी हत्ती गायब करून मोकळा झाला होता. पण आज मधे नलिनी उभी राहणार होती, पळसाच्या झाडासारखी, दोघांच्या मधे, आणि तिला तिथं रोवलं होतं कोणी? सौंसरला नाक पुसलं, इथं तर आपण गावंच्या गावं शिंकायला आणली. त्यानं मशीन उचललं, गिट्टीच्या ढिगावर नेऊन ठेवलं आणि वर स्वतः बसला, मांडी घालून, जशी कोंबडी अंड्यांवर. आता ज्याला दगड पाहिजे त्यानं आधी गुणवंताला उठवावं. गिट्टी खालून टोचत होती. त्यानं टोचू दिली.

तीन वाजले. भोंग्यातून खुर्चीचा आवाज आला, मग मुकुंद सरांचं बोलणं, मग तिचा खाकरा. ‘नमस्कार,’ नलिनी म्हणाली. ‘आमची लेक!’ उजवीकडून गर्जना. ‘आमची सून!’ डावीकडून त्याहून मोठी. लेक, सून, लेक, सून. बाकं वाजायला लागली. गुणवंतानं आवाजाचं बटण वाढवलं, मग कमी केलं, मग हात मागं घेतला. ही गडबड कोणत्याही बटणानं थांबणारी नव्हती. ती काही बोलेना. सौंसरसारखं होणार. आता ‘धन्यवाद’ म्हणेल. आणि तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला.

ठक्.

लाकडी टेबलावर दगड ठेवल्याचा. माईकच्या अगदी जवळ. भोंग्यानं तो मैदानभर फेकला, झाडावरचे कावळे उडाले. आणि आतली दोन्ही गावं एका दमात गप्प झाली. तो आवाज त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गुणवंताच्या भुवईवर तो आवाज येऊन बसला.

‘ओळखता ना?’ नलिनीचा आवाज शांत होता. ‘जामचा गोटा आहे. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी सावरगावच्या काठावरून आला, पांढुर्ण्याच्या काठावर लागला. मारला माझ्या भावानं. लागला माझ्या नवऱ्याला. चिंधू, मान खाली नको घालू, तू एकटा नाहीस. या हॉलमध्ये बसलेल्या अर्ध्या बायांच्या घरी असं झालं आहे.’ भोंग्यातून गोटा सरकवल्याचा आवाज आला. ‘गोटमारीच्या दिवशी सकाळी दोन काठांवर दोन ठिकाणी हळद भिजते. आई पोरासाठी भिजवते, अन् नदीच्या इकडं तिचीच पोरगी नवऱ्यासाठी भिजवते. हळद एकाच दुकानातून येते. मी महिनोन् महिने दोन्ही काठांवर फिरले. प्रत्येकीला एकच विचारलं, झेंडा कोणी न्यावा असं वाटते तुला? कोणी सांगेना. शेवटी जयवंताबाई म्हणाल्या, त्या बसल्या आहेत मागं, सावरगावच्या पोटी जन्मल्या, पांढुर्ण्यात म्हाताऱ्या झाल्या. म्हणाल्या, बाई, जो आधी घरी येईल त्यानं न्यावा.’

आत कोणी तरी नाक ओढलं. एक बाई असावी. मग दुसरी. गुणवंता गिट्टीवर बसून ऐकत होता आणि त्याला कळत होतं की हे तेच शब्द आहेत जे ती रात्री पाय शेकताना तोंडात धरून बसायची. ती बोलत गेली. दारं लावून घेणाऱ्या बाया, कानात बोळे घालणाऱ्या बाया, भावाला ओवाळून आलेल्या हातानं नवऱ्याची जखम धुणाऱ्या बाया. मधेच हसवलं तिनं. एका बाईनं दिवसभर नवऱ्याचा पायजमाच लपवून ठेवला म्हणाली, आणि तो कोण ते दोन्ही बाजूंनी ओळखलं, असा हंशा झाला की खिडक्या थरथरल्या. गुणवंताला जन्मभर ऐकून ऐकून अंदाज आला होता, हंशा कधी फुटेल, कधी विरेल. हा हंशा त्याच्या हंशासारखा नव्हता. हा विरत नव्हता, खाली जाऊन बसत होता. त्याला हेवा वाटायला पाहिजे होता. वाटला नाही. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटतं की काय.

‘आता या गोट्याचं,’ ती म्हणाली. ‘यांनी रक्तानं भरलेल्या हातानं मला दिला. म्हणाले, घे, माहेरचा आहेर. यांची सवय तुम्हाला माहीत आहे.’ हंशा. ‘आहेर फेकत नाही कोणी. मी धुतला. उकळत्या पाण्यात उकळला. अन् त्या वर्षीच्या लिंबाच्या लोणच्यावर दडपण म्हणून ठेवला. तेव्हापासून दरसाली तोच. सारं गाव म्हणते कळंब्याच्या घरचं लोणचं मुरते कसं? असं मुरते. हे रोज मिटक्या मारून खातात, भावानं मारलेल्या गोट्याखालचं लोणचं. अन् अख्ख्या गावाला फसवणाऱ्या या माणसाला इतक्या वर्षांत कळलं नाही.’

मग हॉल फुटला. बाकं, खुर्च्या, टाळ्या, शिट्या. डावी बाजू उजव्या बाजूच्या अंगावर पडून हसत होती. बाहेर भिवाजी रिक्षाच्या सीटवर आडवा झाला होता. गुणवंता मांडी घालून तसाच बसला होता, तोंड उघडं. फसला. तो, गुणवंता, हत्तीवाला. इतकी वर्षं दर जेवणाला ताटात डावीकडे. जिभेवर मेथी, मोहरी, हिंग एकदम आलं. आणि त्याच्या आतून कुठून तरी, चहाच्या बशीपासून अडकून बसलेलं, हसू वर यायला लागलं. असं हसू त्याला कधी आलं नव्हतं. आजवर तो दुसऱ्याच्या फजितीवर हसत आला होता, स्वतःच्या फजितीवर हसायचा मान त्याला कोणी दिलाच नव्हता.

‘बाई!’ आतून चिंधूचा आवाज आला, जाड, फाटलेला. ‘तो गोटा मले दे वापस. नदीत टाकून येतो.’

‘नाही देत,’ नलिनी म्हणाली, ‘लोणचं खराब होईल.’ पुन्हा हंशा. मग ती थांबली. ‘काल दोन्ही काठांवर भोंगा फिरला. सकाळीच मला तिकडून दोघी अन् इकडून तिघी सांगून गेल्या. ज्यांनी फिरवला ते बाहेर गिट्टीच्या ढिगावर बसून आहेत, मला खिडकीतून दिसून राहिलं. मी त्यांना म्हटलं होतं, येऊ नका. त्यांनी ऐकलं. आता म्हणते, या.’

गुणवंता उठला. मागून गिट्टीचे दोन खडे पायजम्याला चिकटून आले. दारातून आत पाय ठेवताना त्याला सौंसर आठवलं, पण सौंसर आता लहान झालं होतं. मधली वाट राहिली नव्हती. माणसं तिच्यात सरकून बसली होती, तिथं कोण कुठल्या काठचा ते ओळखू येत नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. सगळी तोंडं हसायला तयार होती, पण कोणी आधी हसेना, सगळे नलिनीकडे बघत होते, ती हसते का. ती हसली. अंबाड्यापासून हसली. तो टेबलापाशी गेला, गोटा उचलला आणि नाकाला लावला. धुतला होता तरी वास होता. मेथीचा, हिंगाचा. तो माईकपाशी वाकला.

‘चिंधूभाऊ,’ तो म्हणाला, ‘निशाणा चांगला आहे तुहा. तेवढं पुढल्या वर्षी थोडा मोठा मार. बरणी मोठी घेतली आहे आम्ही.’

त्यानंतर काय झालं ते मुकुंद सर पुढं कित्येक दिवस सांगत. टाळ्या आधी उजवीकडून वाढल्या, मग डावीकडून त्याहून जास्त, मग उजवीकडून पुन्हा. हार कोणी मानेना. प्रिन्सिपॉल साहेब धावत आले, काय झालं बघायला, आणि दारातच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, कशासाठी ते न कळता. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाची तारीख त्यांनी तिथंच जाहीर करून टाकली. आर्केस्ट्राचं नाव काढलं नाही.

ऊन कलताना रिक्षा निघाली. मशीन मधे, भोंगा पुढं, मागच्या सीटवर नलिनी, मांडीवर गोटा, आणि गुणवंता तिच्या पायाशी पाटीवर, पोराटोरासारखा पाय सोडून. कोणी न सांगता भिवाजीनं रिक्षा आधी सावरगावच्या पुलावर नेली. काठावर माणसं उभी होती, काही इकडची, काही तिकडची, घरी जाता जाता रेंगाळलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारतात तसं एका म्हाताऱ्यानं काठी वर करून विचारलं, ‘का गा गुणवंता, यंदाचा झेंडा कोणी नेला?’

गुणवंतानं माईक हातात घेतला. खाकरला. मागं वळून एकदा बघितलं. ती नदीकडे बघत होती, पण मान या वेळी खिडकीत नव्हती, उन्हात होती.

‘ऐका, सावरगाव! ऐका, पांढुर्णा!’ भोंगा दोन्ही काठांवर एकदम गेला, पाण्यावरून सरकत. ‘यंदाचा झेंडा मास्तरीणबाईनं नेला. अन् ती आधी घरी चालली आहे!’